जबलवरचा हीटर आणि माझी एक्स्प्रेस रोझरी

आता कुठून सुरुवात करू, तुम्हीच सांगा. जन्मापासून? बरं, जन्मापासून तर जन्मापासून. मी वसईची, निर्मळची, आमची केळीची वाडी, थोडी पानवेल, आणि घरात इतकी भावंडं की आई जेवायला हाक मारताना नावांची सरमिसळ करायची, मग ज्याचं नाव येईल तो आधी बसायचा. माझं नाव फिलोमिना, सगळ्यांची फिलू. ह्या फिलूचं त्या घरात दोनच गोष्टींसाठी कौतुक. एक म्हणजे चूल, पावसात भिजलेल्या नारळाच्या सोडणांचाही मी जाळ करून दाखवायची. आणि दुसरी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना. आमच्यात संध्याकाळची रोझरी झाल्याशिवाय पानं वाढत नाहीत, सगळ्यांच्या पोटात कावळे, मग फिलूला पुढे बसवायचे, कारण फिलूने सुरू केलं की नमो मरिया अशी सुटायची जसा काही रहाटाचा बैल उधळलाय. बाप म्हणायचा, पोरी, मरियामातेला श्वास तरी घेऊ दे. पण तोही लवकर जेवायला मिळतंय म्हणून गप्प बसायचा. तर आग आणि प्रार्थना, दोन्ही माझ्या हातातल्या, असं मला वाटायचं. पुढे एका हीटरने दोन्हीची माझी जिरवली, तेच तुम्हाला सांगायचंय.

इनास म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याला अरे-तुरे चालतं, आणि मी तर ते जरा जास्तच चालवलं. लग्नाआधीपासून तो इथे ओमानला, आत वाळवंटात, तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पात फिटर होता. मी आले तेव्हा तो मस्कतला येऊन एसीची कामं करत होता आणि आम्हाला अल् खुवैरला दोन खोल्यांचा फ्लॅट होता. मला शिवण येत होतं, कुरुमला लेडीज टेलरिंगच्या दुकानात लागले, आणि काय सांगू तुम्हाला, मी बदललेच. केस कुरळे करून घेतले, उंच टाचांचे सँडल, हा एवढा मोठा गॉगल. तेव्हाचा माझा फोटो बघाल तर वाटेल, शेतातल्या बुजगावण्याला लग्नाचं आमंत्रण आलंय. गाडीतून दुकानात, दुकानातून गाडीत, सगळीकडे थंडगार, मला वाटलं स्वर्ग म्हणतात तो हाच, त्यात फक्त एसीचं पाणी टपकतं. शुक्रवारी, इथली सुट्टी तेव्हाच, चर्चमध्ये मिसा, मिसानंतर बायकांच्या घोळक्यात कुणाचा ड्रेस मी शिवला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं. आणि ऑक्टोबरात वसईकरांच्या घरोघरी रोझरी असते ना, तेव्हा सगळे म्हणायचे, फिलूच्या घरी जाऊ या, तिथे इंदेल, आपलं आंबट-तिखट मटण, गरम असताना खायला मिळतं. एवढी माझी कीर्ती.

त्या कॅम्पातल्या दिवसांबद्दल इनास फार बोलायचा नाही. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. हिवाळ्यात वाळवंटातसुद्धा रात्री दात वाजतात, आणि त्यांना झोपायला कॅरव्हॅन होत्या, अमेरिकेहून आलेल्या, चाकांवरच्या पत्र्याच्या खोल्याच त्या. त्यातल्या एकीत गॅसवर चालणारा हीटर होता. तो लागला की आतून घुर्र असा बारीक आवाज यायचा, पायाशी गरम वारा यायचा, आणि इनास म्हणायचा, तेव्हा मी पडल्या पडल्या विचार करायचो की माझी बायको येईल तेव्हा तिला हे दाखवीन. आता मला सांगा, नवरा असं बोलला तर बायकोने काय म्हणावं? मी म्हणाले, ओमानमध्ये येऊन बायकोला हीटर दाखवणारा तू जगात पहिलाच. आणि वर मिसाला सगळ्यांना सांगितलं, आमच्या इनासला मस्कतमध्ये थंडी वाजते. बायका हसल्या. तोही हसला. तो सगळ्यालाच हसायचा, म्हणून मला कधी कळलं नाही की कुठे लागलं.

मग तो कॅम्प उठला आणि जुन्या कॅरव्हॅन भंगारात निघाल्या. इनासचा अर्बाब, म्हणजे ज्या ओमानी मालकाकडे तो काम करायचा तो, त्याची जबल अख्दर नावाच्या उंच डोंगरावर डाळिंबांची बाग होती. त्याने एक कॅरव्हॅन ट्रकवर चढवून वर नेली, बागेच्या कडेला उभी केली. आणि ती नेमकी इनासची निघाली, दारावर त्याने स्वतः ठोकलेली पत्र्याची पट्टी होती. अर्बाब म्हणाला, इनास, चावी तुझ्याकडे ठेव, हवं तेव्हा ये. झालं. दर थंडीत इनास म्हणणार, फिलू, जबलवर जाऊ या. आणि मी म्हणणार, पुढच्या वर्षी.

एकदाच गेले. नाताळची सुट्टी होती, माझा सॅवियो तेव्हा लहान होता, त्याला शेजारणीकडे ठेवलं. मी उंच टाचांचे सँडल घालून जबल चढले, म्हणजे गाडी चढली, मी आत बसून ओरडत होते. वर उतरले आणि पहिल्या पावलाला टाच दगडात अडकून तुटली. अर्बाबच्या घरच्या बायका दारात उभ्या होत्या, त्या बिचाऱ्या तोंडावर ओढणी धरून हसल्या. थंडी अशी की बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. आणि इनास लहान पोरासारखा खूश, आत गुडघ्यावर बसून पलंगाखालची पत्र्याची झडप उघडून मला शिकवायला लागला.

बघ, म्हणाला, आधी बाहेर जायचं, सिलिंडर हळूच उघडायचा, एकदम नाही. बाहेरच्या भिंतीवरची जाळी बघायची, तिथून ह्याचा धूर जातो, गांधीलमाश्या तिथेच घर करतात. एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. मी म्हटलं, हीटर लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे हंड्याला भोक पाडून पाणी भरायचं? म्हणाला, गरम होण्याआधी जिवंत राहायला हवं ना. मग हे काळं बटण, हे पायलटवर फिरवायचं, दाबून धरायचं, काडी आत लावायची. छोटी निळी ज्योत दिसते तिला पायलट म्हणतात. पण लगेच सोडायचं नाही. ज्योतीच्या तोंडाशी एक तांब्याची काडी आहे, ती पुरती तापली पाहिजे. ती तापली की हीटरला भरवसा वाटतो की आग खरंच आहे, मग तो गॅस चालू ठेवतो. न तापता सोडलंस की तो गॅस तोडणार. मी विचारलं, किती वेळ धरायचं? एका हातात काडी, एका हातात बटण, घड्याळ काय दातात धरू? तर म्हणाला, दोन नमो मरिया म्हण, मग सोड.

आता तुम्ही हसता आहात, बाय, तुम्हाला कळलं पुढे काय झालं. मी दाबलं, काडी लावली, ज्योत आली, आणि निर्मळची चूल-राणी मी, दोन नमो मरिया म्हणून बटण सोडलं. ज्योत गेली. इनास म्हणाला, थांब, आतला गॅस उडून जाऊ दे, मग पुन्हा. पुन्हा केलं. पुन्हा गेली. मी म्हटलं, हे भंगार आहे. तो म्हणाला, परत एकदा, मोठ्याने म्हण. मी मोठ्याने म्हटलं, आणि तो असा हसायला लागला की जमिनीवर आडवाच झाला. म्हणे, फिलू, ही नमो मरिया आहे की सुताचं रीळ? तिकडे तांब्याची काडी जागीसुद्धा झाली नाही. हळू म्हण, मरियामातेला कुठे जायचं नाहीये. मला राग आला. मी म्हटलं, माझ्या प्रार्थनेत खोट काढू नकोस, सगळी वसई माझी रोझरी ऐकायला येते. म्हणाला, रोझरी ऐकायला नाही गो, इंदेल खायला येते.

शेवटी त्यानेच पेटवला. भिंतीवरची कळ वर केली, घुर्र झालं, आणि गरम वाऱ्याबरोबर जळक्या धुळीचा वास आला, मी ओरडले, आग लागली, आणि एक सँडल घालून बाहेर पळाले. तो म्हणाला, वर्षभराची धूळ आहे, जळून जाईल. जळून गेलीही. मग खरंच ऊब आली. इनासने मला पायाशी झोत येतो त्या बाजूला झोपायला दिलं आणि स्वतः दाराकडे झोपला. आणि मी काय केलं? आपल्या बायकांना झोपताना हात सिलिंडरकडे जायची सवय, आईने मरेपर्यंत तेच विचारलं, गॅस बंद केलास का गो. इनासचा डोळा लागला होता, मी शाल घेऊन बाहेर गेले, सिलिंडर घट्ट बंद करून आले, आणि समाधानाने झोपले. पहाटे दोघे कुडकुडतोय. मी त्यालाच झापलं, बघ तुझा अमेरिकेचा हीटर, मेला. तो बाहेर गेला, सिलिंडरला हात लावला, आत आला आणि मला म्हणाला, फिलूबाई, आपण चूल विझवून झोपलात. आणि परत हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता खाली चल, ह्यापुढे मी ह्या पत्र्याच्या डब्यात पाय ठेवणार नाही.

तो चहा करतो म्हणाला होता. तोही नको म्हटलं. बघा कशी होते, तुटक्या टाचेची महाराणी.

त्यानंतर दर थंडीत तेच. फिलू, जबलवर? पुढच्या वर्षी. कधी लग्नाच्या सीझनचे ड्रेस शिवायचे असायचे, कधी सॅवियोची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. तो एकटा जायचा, हीटर साफ करायचा, पेटवून बघायचा, परत यायचा. विचारलं, मजा आली का, तर म्हणायचा, चालू आहे व्यवस्थित, तू आलीस की लगेच गरम होईल. एकदा म्हणाला, पडदे जाड शिवून दे. मी काय शिवून दिलं असेल? नायलॉनची लेस, झालरीसकट. चिडवायला. त्याने तेच लावले. सॅवियोचं लग्न झालं, एलिना झाली, माझे गुडघे गेले, कुरुमचं दुकान सुटलं, आता वेळच वेळ होता, आणि तरी मी पुढच्या वर्षी म्हणतच राहिले, कारण तोंडाला वळण पडलं होतं. एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं असतं तर निदान भांडण झालं असतं. पुढच्या वर्षी म्हटलं की माणूस वाट बघत राहतो. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तो बरकाला मासे आणायला गेला होता, सुरमई घेऊन आला, खुर्चीत बसला, पाणी दे म्हणाला. पाणी घेऊन आले तोवर खलास. सुरमई तशीच पिशवीत.

मला कुणी विचारतं, फिलू, रडलीस का? रडले, का नाही रडणार. पण खरं लागलं ते थंडी सुरू झाली तेव्हा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला, आणि मला कुणी विचारलंच नाही, जबलवर येतेस का.

आता ह्या वर्षीचं. नाताळाआधी अर्बाबच्या मुलाचा, हमदचा, सॅवियोला फोन आला. थोरले अर्बाब थकलेत, बागेच्या कडेला पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत, कॅरव्हॅन उचलून भंगारात जाणार, बाबांचं काही सामान असेल तर घेऊन जा. सॅवियो म्हणाला, मम्मी, मी एकटा जाऊन येतो. मी म्हटलं, मी येणार, आणि तो हीटर पेटवून तिथे झोपणार. सॅवियो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी लग्न करते म्हटलंय. म्हणाला, मम्मी, पपा तीस वर्षं बोलावत होते तेव्हा नाही गेलीस, आता गुडघ्यांचं असं झाल्यावर? बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, तेव्हा अक्कल नव्हती, आता गुडघे नाहीत, दोन्ही एकदम द्यायचं देवाच्या मनात नसेल. पण मला एकदा ती ऊब बघायची आहे, उचलून नेण्याआधी. तो म्हणाला, हीटर आता चालायचा नाही. मी म्हटलं, इन्शाल्ला चालेल, तू गाडी काढ.

सॅवियो, मी आणि माझी नात एलिना. सून हॉस्पिटलात ड्युटीवर. एलिना पंधराची, इंग्रजीत स्वप्नं बघते, मराठी बोलायची म्हटलं की पायात काटा गेल्यासारखी चालते. पण नानाची, म्हणजे आमच्या इनासची, लाडकी. दुपारी पोचलो. डाळिंबांची झाडं नुसत्या काड्या झाली होती, आणि कॅरव्हॅन एका अंगाला कललेली. दार उघडलं तर समोर माझी नायलॉनची लेस, पिवळी पडलेली, झालरीसकट. मला वाटलं, हे पडदे बघत तो माणूस इथे एकटा झोपायचा.

सॅवियोने नवा पाइप, नवा रेग्युलेटर आणला होता, बापाचाच मुलगा, साबणाचा फेस लावून कुठे गळत नाही ना बघितलं. बाहेरच्या जाळीत गांधीलमाश्यांचं मातीचं घर, ते एलिनाने काडीने कोरून काढलं. खिडकी मी स्वतः दोन बोटं उघडली. हीटरच्या आतल्या पंख्याला बॅटरी लागते, ती गाडीची आणून जोडली. मग सॅवियो मोबाईलवर व्हिडिओ लावून खाली बसला. व्हिडिओतला गोरा वेगळ्याच हीटरचं बटण दाबत होता. सॅवियोने दाबलं, ज्योत आली, सोडलं, गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. म्हणाला, मम्मी, संपलाय हा, आतला पार्ट गेला असेल, इथून पार्ट कुठे मिळणार. मी म्हटलं, गॅस उडून जाऊ दे आणि बाजूला हो.

गुडघ्यावर बसले कशी ते विचारू नका, दोघांनी धरून उतरवलं. अंगठा ठेवला, काडी लावली, ज्योत आली, निळी, तेवढीशीच. म्हणायला सुरुवात केली. आणि बाय, इतक्या वर्षांनी, एवढं सगळं झाल्यावर, माझी जीभ तीच! नमो मरिया अशी सुटली की मलाच थांबवता येईना. हळू म्हणायचं ठरवलं की पुढचा शब्दच सुचेना, पळताना तोल सांभाळता येतो, थांबलं की जातो, तसं ते झालेलं. सोडलं. गेली. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, हीटरची नाही, हे असंच राहणार ह्याची. उद्या-परवा ट्रक येणार आणि मी परत थंड खोलीतून निघणार, ह्या वेळी तर चहा करतो म्हणणाराही नाही.

एलिना म्हणाली, आजी, लेट मी ट्राय. मी म्हटलं, दाबून धर आणि नमो मरिया म्हण, दोनदा. म्हणाली, इंग्लिशमध्ये म्हणू? मी म्हटलं, नको, त्या हीटरला तुझ्या नानाने मराठीत शिकवलंय. हसली पोरगी. दाबलं, काडी लावली, ज्योत आली. नमो… मरिये… कृपा… आजी, कृपा काय? कृपापूर्णे, मी म्हटलं. कृपापूर्णे. प्रभू… वेट, वेट, सांगू नको, मला येतं, नानाने शिकवलेलं… आणि डोळे मिटून शोधतेय, एकेक शब्द असा आणतेय जसा कुणी विहिरीतून तांब्या काढतो. मी तिचा अंगठा बघत होते, पांढरा पडलेला, पण सुटला नाही. सॅवियो मध्येच म्हणाला, पपांना सुद्धा इतका वेळ… मी त्याला गप्प केलं. आता आणि… आमच्या… मरणाच्या वेळी, असं ती म्हणाली, आमेन म्हणाली, आणि विचारलं, आजी, सेकंड वन पण? मी म्हटलं, नको बाळा. सोड आता.

तिने सोडलं. ज्योत होती.

ती बघत राहिली, मी बघत राहिले, ज्योत होतीच. मग सॅवियोने बटण फिरवलं, भिंतीवरची कळ वर केली, घुर्र झालं. जळक्या धुळीचा वास आला, एलिना ओरडली, आजी, फायर! मी म्हटलं, बस खाली, ती नानाची धूळ आहे. दोन वर्षांची. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, सॅवियोला म्हटलं, धूर लागला. धूर नव्हता.

त्या रात्री एलिनाला मी पायाशी झोत येतो त्या बाजूला झोपवलं आणि मी दाराकडे झोपले, त्याच्या जागेवर. तेव्हा कळलं, दाराच्या फटीतून तिथे थंड वारा येतो. एका शब्दाने बोलला नव्हता. सिलिंडर बंद करायला हात शिवशिवत होता, हात उशीखाली घालून झोपले. सकाळी उठले तर खोली उबदार, खिडकी दोन बोटं उघडी, बाहेर बादलीत पाण्यावर पापुद्रा. चहा मीच केला. एक कप जास्त केला, तो एलिनाने प्यायला.

दोन दिवसांनी ट्रकने ती नेली. हमदने फोटो पाठवला, मी बघितला नाही. पडदे मात्र मी काढून आणलेत, नुसतेच ठेवलेत, शिवण उसवायचं मनात येत नाही.

आता आमच्या घरी रोझरी असली की माणसं जरा कुरकुरतात. फिलूमावशी म्हातारी झाली, फार लांबवते. सॅवियो मागून कुजबुजतो, मम्मी, इंदेल थंड होतंय. मी म्हणते, होऊ दे. मणी अंगठ्याखाली दाबून धरते आणि एकेक शब्द एलिनासारखा शोधून शोधून म्हणते, येत असूनही. घाई नाही. ज्याच्यासाठी म्हणते त्याने तीस वर्षं थांबून दाखवलंय.

लिहिलंत सगळं? टाचेचं पण? बरं. तुम्ही चांगल्या आहात, बाय, एवढं बसून ऐकलंत. तुमच्या घरात कुणी तुम्हाला असल्याच एखाद्या वेडगळ जागी चल म्हणेल, तेव्हा देव करो आणि तुमची चप्पल दाराशीच सापडो. आणि ती सपाट असो.